काचेच्या टाकींतील शेजारधर्म

मोठा मासा लहान माशास गिळतो, या नित्याच्या अनुभवावरून आपल्या पूर्वजांनीं 'मत्स्यन्याय' हा शब्द घडविला. जेथें राजदंड नाहीं तेथें दुर्बळास थारा नाहीं, हें सांगण्यासाठीं कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्रांत याच न्यायाचा दाखला दिला आहे. नदीला राजा नसतो. परंतु तेथें दुबळ्या माशास पळून जाण्यास निदान एखाद्या दगडाची कपार तरी असते. काचेच्या टाकींत तीहि सोय नाहीं. तेथें कोणाच्या शेजारीं कोणीं राहावें, हें मासा ठरवीत नाहीं. टाकी मांडणारा मनुष्य ठरवितो. त्या दोन फुटांच्या राज्याचा राजा तोच. आणि तेथें मत्स्यन्याय चालला, तर त्याचा दोषहि त्याचाच.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं आज 'फिश टँक' आहे, व कित्येकजण ती घेऊन देण्याविषयीं वडिलांच्या मागें लागले आहेत. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें. परंतु आरंभींच कबूल केलें पाहिजे कीं, हें ज्ञान आम्हांस पुस्तकांतून मिळण्यापूर्वीं चुकींतून मिळालें आहे.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या विज्ञानाच्या खोलींत दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी टाकी आली. वर्गणी मुलांनींच जमविली होती. एका रविवारीं आम्ही पुण्यास जाऊन, डोळ्यांस जे जे सुंदर दिसले ते ते मासे निवडले: दोन गोल्डफिश, दोन चांगले वाढलेले एंजल, चार टायगर बार्ब, सहा गप्पी व चार निऑन टेट्रा, मिळून अठरा. प्राणवायु भरलेल्या पिशव्या मांडीवर घेऊन आम्हीं दौंडची गाडी धरली, आणि त्याच संध्याकाळीं नळाच्या ताज्या पाण्यानें भरलेल्या टाकींत सर्वांस एकदम सोडून दिलें. दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत ती रंगांची जत्रा पाहण्यास दाराशीं गर्दी लोटली.

चौथ्या दिवशीं गप्पींच्या शेपट्या कुरतडलेल्या दिसल्या. दहाव्या दिवशीं चार निऑनांपैकीं दोनच उरले, व गेलेल्या दोहोंचा मागमूसहि कोठें सांपडला नाहीं. तिसऱ्या आठवड्यांत गोल्डफिश पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन तोंडाची उघडझाप करूं लागले. महिना उलटला तेव्हां टाकींत दोन एंजल व तीन टायगर बार्ब एवढेच शिल्लक होते, आणि त्यांतील एका एंजलचे लांब पर झिजून अर्धे झाले होते. इयत्ता सहावींतील एका मुलानें खाऊचे पैसे वाचवून वर्गणी दिली होती. त्यानें आम्हांस विचारलें, "सर, ते आजारी पडले, कीं आपण त्यांना मारलं?" आम्हीं त्यास कांहीं तरी सांगून वेळ मारून नेली. खरें उत्तर शोधण्यास आम्हांस पुढें कित्येक महिने लागले. हा लेख म्हणजे त्या मुलास दिलेलें उशिराचें उत्तर होय.

पाणी आधीं, मासे मागून

आमची पहिली चूक मासे निवडण्याच्याहि आधींची होती. नवी टाकी स्वच्छ दिसते. परंतु ती माशांस राहण्याजोगी नसते. मासा श्वासावाटे व मलावाटे अमोनिया नांवाचें विषारी द्रव्य बाहेर टाकीत असतो. नदींत तें वाहून जातें. टाकींत तें साचतें. निसर्गानें त्याच्या परिहारार्थ दोन प्रकारचे सूक्ष्म जंतु योजिले आहेत. पहिले अमोनियाचें नायट्राइट करितात. तेंहि विषारीच असतें. दुसरे त्या नायट्राइटचें नायट्रेट करितात, आणि तें थोड्या प्रमाणांत असल्यास मासा सहन करूं शकतो. हे जंतु वाळूवर व गाळणीच्या स्पंजावर वस्ती करितात; परंतु त्यांची पुरेशी वाढ होण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. आमचे गोल्डफिश तोंडाची उघडझाप करीत होते तें भुकेनें नव्हे. अमोनियानें त्यांचे कल्ले होरपळले होते.

यावरून क्रम असा ठरतो. टाकींत वाळू घालावी, पाणी भरावें, गाळणी सुरू करावी, आणि मासे न आणतां रोज चिमूटभर खाद्य पाण्यांत टाकावें, म्हणजे त्याच्या कुजण्यानें त्या जंतूंस अन्न मिळतें. पाण्याची परीक्षा करण्याचीं साधनें माशांच्या दुकानांत विकत मिळतात. खाद्य टाकीत असूनहि अमोनिया व नायट्राइट हीं दोन्ही शून्यावर आलेलीं दिसलीं, म्हणजे मग पिशवी घेऊन बाजारास जावें. नळाच्या पाण्यांत जंतुनाशक क्लोरीन असतें. तें माशांस व या उपकारक जंतूंस सारखेंच घातक आहे. म्हणून पाणी उघड्या बादलींत एक दिवस ठेवूनच वापरावें. महिनाभर रिकामी टाकी पाहत बसणें मुलांच्या जिवावर येतें, हें आम्ही जाणतों. परंतु शेतकरी नांगरटीच्या दुसऱ्या दिवशीं कणसें शोधीत नाहीं.

चार कसोट्या

आतां निवडीकडे वळूं. 'दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें', ही म्हण माशांच्या दुकानाइतकी अन्यत्र क्वचितच खरी ठरत असेल. एका टाकींत राहावयाच्या प्रत्येक माशास आम्ही आतां चार कसोट्या लावतों: पाणी, वाढ, स्वभाव आणि जागा.

पहिली कसोटी पाण्याची. आपल्या भागांतील विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी बहुधा जड, म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकांतील दुष्फेन पाणी असतें. त्यांत साबणाचा फेस लवकर येत नाहीं, व पाणी तापविण्याच्या भांड्यास आंतून पांढरा थर धरतो. निऑन टेट्रा हा दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉनच्या खोऱ्यांतील मऊ व किंचित् आम्ल पाण्याचा मासा. त्यास दौंडच्या जड पाण्यांत घालणें म्हणजे कोंकणच्या माणसास मीठभाकरीवर ठेवण्यासारखें आहे. तो जगेल, पण फुलणार नाहीं. याच्या उलट गप्पी, मॉली व प्लॅटी हे मध्य अमेरिका व तिच्या आसपासचे मासे जड पाण्यांत सुखानें नांदतात. उष्णतेचेंहि तसेंच. गोल्डफिश हा मूळचा चीन देशांतील थंड पाण्याचा मासा. उष्ण कटिबंधांतील इतर माशांस मानवणारी २४ ते २८ अंशांची ऊब त्यास बारमाही सोसत नाहीं. शिवाय तो खादाड असून घाणहि फार करितो. म्हणून गोल्डफिश वेगळाच ठेवावा, हा पहिला नियम.

दुसरी कसोटी वाढीची. दुकानांत दिसणारे मासे बहुधा पिल्लें असतात. बोटाएवढा ऑस्कर फूटभर वाढतो. टाकीची काच साफ करितो म्हणून विकला जाणारा दोन इंचांचा 'सकर' फूट-दीड फुटांचा होतो. एंजल अर्धा फूट वाढतो, व त्याचे पर धरून उंची त्याहूनहि अधिक भरते. माशाची आज काय लांबी आहे हें न पाहतां, वर्षानें काय होईल हें विचारावें. आमचे दोन निऑन कोठें गेले, याचें उत्तर येथेंच आहे: मोठ्या माशाच्या तोंडांत जो मावतो, तो त्याचा शेजारी नसून त्याचें भक्ष्य असतो. यांत एंजलचा अपराध कांहींच नाहीं.

तिसरी कसोटी स्वभावाची. आकारानें समान असूनहि कित्येकांचें पटत नाहीं. टायगर बार्ब हा चपळ व खोडकर मासा. लांब झुलणारी शेपटी दिसली कीं ती ओढल्याखेरीज त्यास राहवत नाहीं. तो आठ-दहांच्या थव्यांत असला तर आपसांतच दंगामस्ती करितो. परंतु आमच्याप्रमाणें चारच आणले, तर ती सारी खोडी शेजाऱ्यांवर निघते. सयाम देशांतील फायटर नांवाचा मासा आपल्या जातीच्या दुसऱ्या नरास पाहतांच युद्धास उभा राहतो, आणि झुपकेदार शेपटीच्या गप्पीसहि तो कधीं कधीं प्रतिस्पर्धी समजतो. त्यास एकट्यानेंच राहूं द्यावें. उलट झेब्रा डॅनिओ, प्लॅटी, चेरी बार्ब हे कोणाच्या वाटेस न जाणारे. यांपैकीं डॅनिओ व चेरी बार्ब हे थव्यानें राहणारे आहेत. त्यांस एकेकटें ठेवल्यास ते भेदरून कोपरा धरतात किंवा चिडखोर होतात. अशांची संख्या सहांहून कमी नसावी. 'प्रत्येक रंगाचा एक एक' ही मुलांची आवडती मागणी म्हणूनच सर्वांत निर्दय ठरते.

चौथी कसोटी जागेची. येथें अंकगणित उपयोगी पडतें. आमची टाकी २ × १ × १, म्हणजे दोन घनफूट. एका घनफुटांत सुमारें २८.३ लिटर पाणी मावतें. म्हणजे हिशोबानें सुमारें ५६ लिटर झालें. वाळूची जागा व वरची मोकळी पट्टी वजा केली कीं प्रत्यक्ष पाणी सुमारें ४५ लिटर उरतें. (पालकांनीं हेंहि ध्यानांत घ्यावें कीं, काच व वाळू धरून या टाकीचें वजन साठ किलोंच्या वर जातें, तकलादू टेबलावर ती ठेवूं नये.) एवढ्या पाण्यांत लहान जातीचे आठ-नऊ मासे सुखानें राहतात, अठरा राहत नाहींत. जागेचा विचार करतांना थरहि पाहावा. कोणी पृष्ठभागाजवळ फिरतात, कोणी मधल्या पाण्यांत, कोणी तळाशीं. वेगवेगळ्या थरांतले शेजारी निवडले, तर तेवढीच टाकी सर्वांस मोठी वाटते.

दौंडच्या घरासाठीं निवड

या चार कसोट्या लावून नवशिक्यासाठीं आम्ही दोन योजना सुचवितों. पहिली: सहा झेब्रा डॅनिओ व तीन प्लॅटी, प्लॅटींत एक नर व दोन माद्या. झेब्रा डॅनिओ हा आपल्याच देशांतील मासा. गंगेच्या खोऱ्यांतील माशांवरील आपल्या ग्रंथांत फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं १८२२ सालीं त्याचें वर्णन केलें. अंगावर निळे पट्टे, लांबी जेमतेम दोन इंच, आणि थंडी व उकाडा दोन्ही सोसण्याची ताकद, यामुळें आमच्याकडील हवेस तो फार सोयीचा. दुसरी योजना: सहा नर गप्पी व तीन प्लॅटी. गप्पी हें नांव त्रिनिदाद बेटावरून या माशाचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमकडे धाडणाऱ्या गपी नामक गृहस्थांवरून पडलें आहे. डासांच्या अळ्या खाण्याबद्दल ख्याति असल्यानें आपल्या राज्याचें आरोग्य खातें हिवताप-प्रतिबंधासाठीं गप्पी वाटीत असतें, हें पुष्कळांस ठाऊक असेल. येथें नरच घ्यावे, असें सांगण्याचें कारण आहे. गप्पीची मादी अंडीं न घालतां जिवंत पिल्लें देते, आणि तींहि सुमारें महिन्यास एकदां, वीस-पंचवीसपर्यंत. नर-माद्या एकत्र ठेवल्या, तर दिवाळींत सहा असलेले मासे उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत शंभरावर जातात, व वरचें सारें अंकगणित फुकट होतें. प्लॅटीचींहि पिल्लें होतात, परंतु त्यांतलीं बहुतेक मोठ्या माशांच्या तोंडीं पडतात. तीं वांचवावयाचीं असल्यास त्यांच्यासाठीं निराळें भांडें व निराळें घर आधीं पाहून ठेवावें.

सर्व मासे एके दिवशीं आणूं नयेत. आधीं तीन आणावे, पंधरा दिवसांनीं उरलेले आणावे, म्हणजे त्या सूक्ष्म जंतूंवर एकदम भार पडत नाहीं. आणलेली पिशवी तोंड न उघडतां पंधरा-वीस मिनिटें टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी. मग टाकींतलें थोडें थोडें पाणी तींत घालीत जावें, आणि शेवटीं जाळीनें मासे उचलून आंत सोडावे. पिशवींतलें पाणी टाकींत ओतूं नये. खाद्य दिवसांतून एकदां, दोन मिनिटांत संपेल इतकेंच. आठवड्यास पाण्याचा चौथा हिस्सा बदलावा. सर्व पाणी उपसून टाकी घासूनपुसून लख्ख करणें म्हणजे महिन्याभरांत वसविलेल्या जंतूंची वस्ती उठविणें होय.

आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा चाळिशीस जातो. पाणी जितकें तापतें तितका त्यांत विरघळलेला प्राणवायु कमी होतो: २० अंशांवर लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांवर सुमारें साडेसात. म्हणून टाकी खिडकीच्या उन्हांत ठेवूं नये, दुपारीं झांकण काढून वर जाळी बसवावी व पंखा चालूं ठेवावा. वीज गेली तर तासातासानें भांडेंभर पाणी काढून थोड्या उंचीवरून परत टाकींत ओतावें. टाकींत दाटी नसली, तर एवढ्या उपायानें मासे दोन-चार तास सहज तग धरतात. कमी मासे ठेवण्याचा खरा लाभ अशा वेळीं कळतो.

भीमेचे मासे भीमेंत

दोन प्रश्न मुलें हमखास विचारतात. पहिला: विकतचे मासे कशाला, भीमेंतले कां आणूं नयेत? भीमेंत माशांचें वैभव मोठें आहे यांत शंका नाहीं. दख्खनची आंकडेवार माहिती गोळा करण्याच्या कामावर असलेले कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं येथील माशांचीं शास्त्रीय वर्णनें प्रसिद्ध केलीं, तेव्हां कित्येकांस त्यांनीं कोळ्यांच्या तोंडचींच मराठी नांवें दिलीं. 'मळ्या' व 'शिंगटी' हे आपले शब्द त्यामुळें आज जगभरच्या प्राणिशास्त्रांत रूढ आहेत. परंतु आमच्या कसोट्या येथेंहि लावून पाहा. मळ्यास दगडांवरून खळाळणारें पाणी लागतें. तें टाकींत नाहीं. मरळ दोन-तीन फूट वाढतो व समोर येईल तो लहान मासा गिळतो. शिंगटी रात्रीं तळाशीं शिकार करिते. ज्यांचें घर नदी आहे, त्यांस नदींतच पाहावें.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे: टाकींतला मासा मोठा झाला, किंवा नकोसा झाला, तर तो भीमेंत सोडावा काय? आमचे उरलेले एंजल व टायगर बार्ब नदींत सोडावे, असें एका पालकांनीं सुचविलें होतें. हेतु दयेचाच होता, तरीहि आम्हीं नकार दिला. कारण या दयेचें फळ दौंडच्या खालीं भीमेवरच पाहावयास मिळतें. १९८० सालीं पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या यशवंतसागर जलाशयाचें पाणी आपल्या तालुक्याच्या पूर्व कडेस येऊन टेकतें. त्या जलाशयांत कोळी बांधवांच्या जाळ्यांत आज टाकीची काच साफ करणारा तोच सकर मासा सांपडतो. त्याच्या अंगावरील कठीण काटेरी कवचानें जाळीं फाटतात, व बाजारांत त्यास गिऱ्हाईक नाहीं. जो मासा येथें मूळचा नव्हता, तो कोणी तरी, केव्हां तरी, कोठें तरी पाण्यांत सोडल्याखेरीज येथें आला नाहीं. १९५२ सालीं हिंदुस्थानांत आणलेल्या चिलापी माशानें तर आज तेथील मूळच्या जातींस मागें सारलें आहे. टाकींतला नकोसा मासा दुकानदारास परत द्यावा, दुसऱ्या हौशी माणसास द्यावा. परंतु नदी, ओढा वा विहीर यांत त्यास कदापि सोडूं नये. आम्हीं आमचे एंजल व बार्ब वेगवेगळे करून, मोठ्या टाक्या असलेल्या दोन गृहस्थांकडे पोंचते केले.

१९५१ सालीं मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलें. सहलीस गेलेल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनीं तेथें काचेस नाक लावून मासे पाहिले. तेथें निरनिराळ्या जातींस निरनिराळ्या टाक्या होत्या, ही गोष्ट मात्र पाहणाऱ्यांपैकीं थोड्यांच्याच लक्षांत राहिली असेल. आमच्याहि ती राहिली नव्हती.

आमची टाकी पुन्हां मांडली तेव्हां ती सहा आठवडे रिकामी होती. येणारेजाणारे थट्टा करीत. नंतर तींत तीन प्लॅटी आले, पंधरा दिवसांनीं सहा डॅनिओ आले. त्या गोष्टीस आतां दहा महिने झाले आहेत, आणि नऊच्या नऊ मासे हयात आहेत. पहिल्या टाकीसारखी रंगांची जत्रा तेथें नाहीं. दाराशीं गर्दीहि जमत नाहीं. परंतु सहावींतला तो मुलगा, जो आतां आठवींत आहे, रोज प्रार्थनेपूर्वीं येतो, नऊ मोजतो, चिमूटभर खाद्य टाकतो आणि वहींत पाण्याची उष्णता लिहितो. परवां एका लहान मुलानें त्यास विचारलें, "इथं एक लाल मोठा मासा का नाही आणत?" त्यानें उत्तर दिलें, "आपल्याला आवडतो, पण यांना चालणार नाही."

टाकी मांडूं इच्छिणाऱ्या प्रत्येकानें बाजारास जाण्यापूर्वीं एवढें एक वाक्य ध्यानांत ठेवावें. बाकीचें सारें हिशोबानें येतें.